‘अफूबाज, दारुड्या, वेडा पो’ हे वर्गात सांगण्याआधी

अमेरिकन कथाकार-कवी एडगर ॲलन पोची एखादी कथा अभ्यासाला लागली, की इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: पो अफूच्या आहारी गेलेला होता, नशेत लिहायचा, त्याच्या कथांमधले वेडे म्हणजे तो स्वतःच, आणि शेवटी तो दारू पिऊन गटारात मेला, मुलांना आधी हे रंगवून सांगा, त्यांना रस वाटतो आणि कथा आपोआप कळते. मी पो शिकवते. यातलं बरंचसं खोटं आहे, उरलेलं अर्धवट आहे, आणि याच्यामुळे मुलांच्या हातून कथाच निसटते.

आधी हे आलं कुठून ते पाहू. पो 7 ऑक्टोबर 1849 रोजी बाल्टिमोरमध्ये वारला. दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये ‘लुडविग’ या टोपणनावानं मृत्युलेख आला: ही बातमी ऐकून पुष्कळांना धक्का बसेल, दुःख मात्र थोड्यांनाच होईल. लिहिणारा होता रूफस ग्रिसवोल्ड. त्यानं संपादित केलेल्या कवितासंग्रहावर पोनं टीका केली होती, आणि तो राग त्याच्या मनात होता. पोचं साहित्य पुस्तकरूपानं काढण्याचं काम नेमकं याच माणसाकडे गेलं. 1850 मध्ये त्यानं सोबत चरित्रही छापलं, पुरावा म्हणून पोची पत्रं दिली. त्यांतल्या काही पत्रांत त्यानं पदरची वाक्यं घुसडली होती, पोच्या तोंडी स्वतःची स्तुती घातली होती. आर्थर हॉब्सन क्विन यांनी 1941 च्या चरित्रात मूळ पत्रं आणि छापील पत्रं शेजारी शेजारी ठेवून ही लबाडी उघड केली. तोवर नव्वद वर्षं उलटली होती, आणि एवढ्या काळात रुजलेलं सहजी उपटत नाही.

आता अफू. याबाबत मला सर्वांत मोलाची साक्ष वाटते ती शत्रूची. टॉमस डन इंग्लिश हा डॉक्टर आणि लेखक. पोशी त्याचं भांडण इतकं विकोपाला गेलं, की इंग्लिशचा मजकूर छापणाऱ्या वृत्तपत्रावर पोनं अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि जिंकलाही. त्याच इंग्लिशनं पुढे लिहून ठेवलं, की पोला अफूचं व्यसन असतं तर डॉक्टर म्हणून ते माझ्या नजरेतून सुटलं नसतं. हा आरोप निराधार आहे. 1848 च्या एका पत्रात, अत्यंत निराश अवस्थेत लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क, घेतल्याचं पो स्वतः सांगतो. हे लपवायचं कारण नाही. पण ते जीव द्यायला निघालेल्या माणसाचं दुःख आहे. त्याला व्यसन म्हणणं क्रूरपणाचं आहे.

दारूचा मुद्दा मात्र उडवून लावता येत नाही. पो प्यायचा, प्यायला की त्याची दशा वाईट व्हायची, नोकऱ्यांवरही त्याचा परिणाम झाला. पत्नी व्हर्जिनिया क्षयानं खंगत होती; ती जानेवारी 1847 मध्ये गेली. वर्षभरानं एका पत्रात त्यानं लिहिलं, की शत्रूंनी माझ्या वेडाचं खापर दारूवर फोडलं, खरं तर वेडामुळे मी प्यायलो. ‘वेड’ हा शब्द त्याचाच, पण तो आशा-निराशेच्या हेलकाव्यांबद्दल आहे. आणि नशेत लिहिण्याचं म्हणाल, तर ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये वर्षाला 800 डॉलरवर हाच माणूस संपादन करत होता, परीक्षणं लिहीत होता, आणि तिथेच एप्रिल 1841 मध्ये त्यानं ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ ही आजच्या गुप्तहेरकथेची मूळ कथा छापली. छापून झालेल्या कथा-कविताही तो पुन्हा पुन्हा दुरुस्त करायचा.

गटाराचं दोन वाक्यांत संपतं. 3 ऑक्टोबरला तो बाल्टिमोरमधल्या एका गुत्त्यात बेजार अवस्थेत, परक्या कपड्यांत सापडला आणि चार दिवसांनी रुग्णालयात वारला. मृत्यूचं कारण आजवर निश्चित झालेलं नाही.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो ‘कथेतला वेडा म्हणजे पोच’ हा मुद्दा. ‘द टेल-टेल हार्ट’ (1843) घ्या. निवेदकाला नाव नाही, म्हाताऱ्याशी त्याचं नातं काय तेही कळत नाही. पहिल्याच वाक्यात तो वाचकावर उखडतो: मी घाबरा आहे, कबूल, पण मला वेडा का म्हणता? मग पुरावा म्हणून स्वतःची सावधगिरी सांगतो. सात रात्री, मध्यरात्रीच्या सुमाराला, दार हळूहळू ढकलायचं, झाकलेला कंदील आत सरकवायचा आणि प्रकाशाची एकच बारीक तिरीप म्हाताऱ्याच्या डोळ्यावर पाडायची. शहाणपणाचा दाखला म्हणून जे पुढे केलंय, तेच त्याचं वेड दाखवतं. ही उलटी रचना बेतायला लेखकाचं डोकं अगदी ताळ्यावर लागतं. मोठ्यानं वाचून घेतलं की मुलांना ते ऐकू येतं: तुटक वाक्यं, मधले डॅश, एकच शब्द दोनदा-तीनदा. शेवटी, म्हाताऱ्याचा खून करून झाल्यावर, पोलीस निवांत गप्पा मारताहेत आणि निवेदकाला काळजाचे ठोके ऐकू येताहेत. कुणाच्या काळजाचे? यावर माझ्या वर्गात खरी भांडणं होतात. ‘लेखकच वेडा होता’ असं आधीच सांगितलं असतं, तर या प्रश्नाला जागाच उरली नसती.

राहिला प्रश्न रस वाटण्याचा. आयुष्य जरूर सांगा, पण कथेनंतर, आणि खरं सांगा: आई-वडील नाटकात काम करणारे, तिसऱ्या वर्षाच्या आतच आई गेली, रिचमंडच्या जॉन ॲलन यांनी सांभाळलं पण रीतसर दत्तक घेतलं नाही. व्हर्जिनिया त्याची आतेबहीण, लग्नाच्या वेळी तेरा वर्षांची. मुलं हे विचारतात आणि उत्तर सरळ द्यावं. भीतीचं वावडं असलेल्या वर्गासाठी ‘द गोल्ड-बग’ (1843) आहे. त्यातली सांकेतिक चिठ्ठी फळ्यावर उतरवा, उलगडा झाकून ठेवा आणि मुलांना चिन्हं मोजू द्या. 8 हा आकडा 33 वेळा येतो, सगळ्यांत जास्त. इंग्रजीत सर्वाधिक येणारं अक्षर कोणतं, एवढंच विचारा. तेवढं जमलं की अर्धविराम, 4 आणि 8 हे त्रिकूट पुन्हा पुन्हा का येतं, ते मुलं तुम्हाला सांगतील.