हयात असल्याबाबत

दिवाळी संपली. पाहुणे गेले, बायको शाळेवर हजर झाली, पोरांचे क्लास सुरू झाले. अख्ख्या अंबाजोगाईला कुठं ना कुठं ‘जॉईन’ व्हायचं होतं. मला जॉईन करून घेणारं कुणी नाही, कारण मी लेखक. संपादकांना कबूल केलेला लेख बाकी होता म्हणून सकाळी कागद पुढे ओढला, तर दाराशी दळणाचे दोन डबे. “तुम्ही घरीच आहात ना,” एवढंच बायको म्हणाली. आमचा अर्धा संसार या एका वाक्यावर चालतो.

गिरणीत ही रांग! सणभर तळलेलं खाऊन सगळ्या गावाला एकदमच भाकरीची आठवण झालेली. माझा ज्वारीचा डबा रांगेत लावला आणि लाईट गेली. पट्टा फटफट करत थांबला. गिरणीवाल्यानं पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून बल्बाकडं पाहिलं आणि तो शांतपणे बिडी ओढायला बाहेर गेला.

शेजारी पोत्यावर अप्पा बसले होते. निवृत्त अव्वल कारकून. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, मांडीवर कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी.

“काय सर, सुट्टी सरली नाही का अजून?”

“नाही, मी लिहितो.”

“ते ठीकंय. पन काम?”

“लिहिणं हेच काम.”

अप्पांनी मला डब्यासकट नीट निरखून घेतलं. “घरी कोन करतं?”

“बायको शिक्षिका आहे.”

“मंग बरंय,” म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. त्यांची माझ्याबद्दलची चिंता मिटली होती. मागच्या दोन बायकांचीही मिटलेली दिसली.

“लिहितावच तर एक अर्ज लिहून द्या,” अप्पांनी पिशवीतून कोरा कागद काढला. “हयातीचं हाय.”

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. २०१४पासून त्यासाठी ‘जीवन प्रमाण’ आहे, मशीनवर बोट टेकवलं की माणूस जिवंत ठरतो. पण अप्पांचा ठसाच उठेना. आयुष्यभर कागद उलटून रेषा झिजल्या, असं त्यांचं म्हणणं. बोटाला तेल लावून झालं, चुना लावून झाला. मशीनच्या हिशेबी अप्पा नव्हतेच.

मला गंमत वाटली. म्हटलं, देऊ लिहून. डब्याच्या झाकणावर कागद ठेवला आणि लिहिलं : ‘मी जिवंत आहे. माझा ठसा मशीनवर उमटत नाही. कृपया माझी सही ग्राह्य धरावी.’ तीन वाक्यं, एक शब्द फालतू नाही. मी खूश.

अप्पांनी चष्मा लावला. वाचलं. कागद उलटून मागं काही आहे का तेही पाहिलं.

“हे काय, तार केली का?”

“थोडक्यात आहे.”

“‘वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ कुठंय? तेवढ्यात साहेब खुर्चीत नीट बसत असतो. एकदम ‘मी जिवंत आहे’ म्हनल्यावर घाबरंल ना मानूस! आन् विषय कुठंय? लिहा, ‘मी हयात असल्याबाबत’.”

लिहिलं.

“आता, जिवंत आहे म्हंजे कवापर्यंत? ‘आजमितीस’ टाका. उद्याचं आपन कशाला लिहून द्यायचं?”

टाकलं.

“अप्पा, तब्येत ठीक हाय ते बी टाका,” मागून एक बाई म्हणाली.

“नको,” अप्पा गंभीर झाले. “ते कागदावर आलं की दाखला मागतेत.”

दुसरा कागद निघाला. मग तिसरा. ‘आपला विश्वासू’ डावीकडं घेतलं म्हणून तोही बाद. “सर, याच गावात दासोपंतांनी ‘गीतार्णव’ लिहिला, सव्वा लाख ओव्या. चाळीस फुटी पासोडी लिहिली कापडावर. आन् तुमच्यानं एक पान निघंना!”

आता संतकवी दासोपंत १५५१ ते १६१५ मधले. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणतात. लागो बापडी. पण त्यांच्या घरचं दळण घरच्या जात्यावर होत असणार, त्यांना कुणी डबे घेऊन रांगेत उभं केलं नसणार. हे मी अप्पांना बोललो नाही. बोलायला हवं होतं.

खरं सांगू का, राग अप्पांचा नाही. डॉक्टरला कुणी ‘तुम्ही घरीच ना’ म्हणत नाही. लिहिणाऱ्याला मात्र सगळं फुकटात जमतं असं गृहीत धरतात, आणि फुकटातलंही नापास करतात. माझं मागच्या दिवाळी अंकातलं मानधन अजून ‘हिशोबात’ आहे. या दिवाळीत त्याच संपादकांनी नवी कथा मागवली, तेव्हा निदान मी हयात असल्याची नोंद त्यांच्याकडं आहे, एवढं कळलं. पैशाचं विचारलं की ते एकदम अप्पांसारखं बोलतात, सविनय आणि लांबलचक.

लाईट आली. अर्ज वाचून अप्पा म्हणाले, “आता कसं सरकारी वाटायलंय.” घडी घालून त्यांनी तो पिशवीत ठेवला. या भानगडीत तिघंजण डबे पुढं सरकवून दळून गेले, आणि माझी परभणी मोती ज्वारी कुणाच्या तरी हरभऱ्याच्या डाळीमागून दळली गेली. त्या रात्रीच्या पहिल्या भाकरीला बेसनाचा वास येत होता. बायको म्हणाली, “तिथं उभं राहून एवढं सुद्धा लक्ष नाही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली ओळ लिहिली, तोच दार वाजलं. दोन म्हातारे, दोघांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या.

“अप्पांनी पाठवलंय. हयातीचं तुम्ही करता म्हने?”

मी काही बोलायच्या आत दुसरे म्हणाले, “कच्चं तुम्ही लिहा. चुका अप्पा काढनारेत.”