चाक आधी की पोरं आधी?

रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो. संद्याचा पुतण्या स्केटबोर्डवरनं भरधाव आला, चाकाखाली बारका खडा सापडला आणि गडी पालथा. कोपर सोललं.

"श्रीमंताच्या पोरांची थेरं ही," बापू तडकला. "आपला खेळ न्हवं ह्यो."

मला हे अजिबात पटलं नाही. लहानपणी उद्यमनगरातनं जुनी बेअरिंगं आणून बापूनंच फळीचा गाडा केला होता. उतारावर त्याचा खडखडाट गल्लीभर ऐकू जायचा. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी तेच केलं. रोलर स्केटची चाकं काढून फळीला ठोकली आणि लाटा नसतील त्या दिवशी सर्फिंगवाले रस्त्यावर उतरले.

"मग मधी बंद का पडलं?" संद्या म्हणाला.

चाकापायी. तेव्हाची चाकं लोखंडाची, नाहीतर चिकणमातीच्या मिश्रणाची. खडा आला की चाक जाग्यावर, पोरगं पुढं. पोरं जायबंदी व्हायला लागली तशी काही शहरांनी बंदीच घातली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीनं पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरागत लवचिक प्लास्टिकची चाकं बाजारात आणली. ती रस्ता धरून ठेवायची, खडा गिळायची.

"म्हंजे चाकानंच केलं सगळं."

"चाक काय आपुआप पळतंय व्हय?" आता बापूच उलटला.

त्याचं खरंच होतं. १९७६-७७ला कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि पोरं त्यांच्या गोल भिंतींवर चढली. फ्लोरिडातल्या ॲलन गेलफँडनं अशाच गोल भिंतीवर हात न लावता फळीसकट हवेत उडी घेतली, तीच ऑली. पुढं रॉडनी मुलननं ती सपाट जमिनीवर आणली. मी उभा राहून दाखवलं: मागच्या पायानं फळीची शेपूट, म्हणजे मागचं टोक आपटायचं, पुढचा पाय नाकाकडं, म्हणजे पुढच्या टोकाकडं घासत न्यायचा, फळी पायाला चिकटल्यागत वर येते. हे कुणा प्रशिक्षकानं शिकवलेलं नाही, पोरांनीच पडून-झडून शोधलंय. म्हणून मला हा खेळ जवळचा वाटतो.

२०२१ला टोकियोत हा खेळ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला. महिलांच्या स्ट्रीट प्रकारात (रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या-कठड्यांवरनं कसरती करायच्या) जपानच्या मोमिजी निशियानं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती १३ वर्षांची होती.

"तेरा?" बापूनं पुतण्याकडं बघितलं. मग बोर्ड उलटा करून मांडीवर घेतला, चाक फिरवून कानाशी नेलं, नखानं दाबून बघितलं.

"बेअरिंग कोरडं हाय. उद्या गॅरेजला घिऊन ये, धुऊन तेल सोडतो. आन् चाकं बदल लेका, ही टणक प्लास्टिकची हायत. खड्यावर अडणारच."