शेजाऱ्यांची मोट कशी बांधावी

आसपासचे देश गोळा करून एखादा संघ काढावा असं तुमच्या मनात घोळत असेल, तर शुभस्य शीघ्रम्. फक्त पहिल्याच बैठकीत झेंडा, एकात्मता, समान भवितव्य वगैरे विषय काढू नका. लोक दचकतात. युरोपनं आपल्या संघाची, म्हणजे युरोपियन युनियनची, सुरुवात कोळसा आणि पोलादापासून केली. १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी या दोन धंद्यांचा कारभार एका सामाईक मंडळाकडे दिला. ज्यातून तोफा आणि रणगाडे बनतात त्याचा हिशेब शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवला, की गुपचूप युद्धाची तयारी करता येत नाही, असा तो सरळ विचार होता. (हसू नका. या सहांनी त्यानंतर एकमेकांवर सैन्य घातलेलं नाही, आणि त्याआधीचा त्यांचा लौकिक काही फार चांगला नव्हता.) मग १९५७ साली रोममध्ये सामाईक बाजारपेठ ठरली, १९९२ साली मास्ट्रिख्टमध्ये सामाईक चलन. तोवर कागद इतके साठले होते की घाबरायचं राहून गेलं.

आता प्रमुखाचं बघू. एकच प्रमुख नेमलात तर सत्ता नेमकी कुठे आहे हे लोकांना कळेल आणि ते तिथे जाऊन जाब विचारतील. म्हणून निदान तीन नेमा. आयोगाच्या, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या मंडळाच्या, अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन, सरकारप्रमुखांच्या परिषदेचे अध्यक्ष अँटोनियो कोस्टा, संसदेच्या अध्यक्ष रॉबर्टा मेत्सोला. मंत्र्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी एका देशाकडून दुसऱ्याकडे जातं, ते वेगळंच. परदेश दौऱ्यावर मात्र जरा जपा. एप्रिल २०२१ मध्ये फॉन डेर लायन आणि परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष शार्ल मिशेल अंकाऱ्याला तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांना भेटायला गेले. यजमानांच्या शेजारी खुर्ची एकच मांडलेली. मिशेल तिच्यावर बसले. बाई उभ्या राहिल्या, हात किंचित पसरून ‘अं’ म्हणाल्या, आणि शेवटी बाजूच्या लांबलचक सोफ्यावर जाऊन टेकल्या. त्या भेटीत बोलणं काय झालं ते आज कुणाच्या लक्षात नाही. सोफा सगळ्यांच्या लक्षात आहे.

लोकांनी थेट निवडून दिलेली संसद जरूर ठेवा. ७२० सदस्य असू द्या, चोवीस अधिकृत भाषांत भाषणं होऊ द्या. कायद्याचा मसुदा स्वतःहून मांडायचा अधिकार तेवढा देऊ नका, तो आयोगाकडेच राहू द्या. संसदेनं मसुद्यात दुरुस्त्या कराव्यात, फार तर तो फेटाळावा. एवढं करून सदस्यांकडे वेळ उरत असेल, तर त्यांना प्रवासाला लावा. समित्यांचं काम ब्रसेल्समध्ये, सचिवालय लक्झेंबर्गमध्ये आणि वर्षाला बारा पूर्ण अधिवेशनं स्ट्रासबर्गमध्ये, असं करारातच लिहून टाकलं आहे. म्हणून दर खेपेला माणसं आणि कागदपत्रांच्या पेट्या चारशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून जातात आणि चार दिवसांनी परत येतात. हे थांबवा असं खुद्द संसदेनंच म्हणून झालं आहे. पण करार बदलायला सगळ्या देशांची संमती हवी, सगळ्यांत फ्रान्स आला, आणि स्ट्रासबर्ग फ्रान्समध्ये आहे.

सार्वमत घ्यावं लागलं तर बिचकू नका. लोकांकडून चूक झाली तर त्यांना सुधारायची संधी द्या. डेन्मार्कनं १९९२ साली मास्ट्रिख्टच्या कराराला ‘नाही’ म्हटलं, काही सवलती मिळाल्यावर १९९३ साली ‘हो’. आयर्लंडनं पुढच्या करारांबाबत ‘नाही’चं ‘हो’ दोनदा करून दाखवलं, २००१-०२ मध्ये आणि पुन्हा २००८-०९ मध्ये. दुसऱ्या खेपेच्या मनधरणीत आयुक्तांची, म्हणजे आयोगाच्या सदस्यांची, संख्या घटवायचा बेतच सोडून देण्यात आला. त्यामुळे आज देश सत्तावीस, आयुक्त सत्तावीस, आणि प्रत्येकाला पुरेल एवढं खातं शोधायचं कसब आयोगाच्या अध्यक्षांचं. फ्रान्स आणि नेदरलँड्सनं २००५ साली संघाची राज्यघटना फेटाळली, तेव्हा त्यांना पुन्हा विचारण्याची तसदी घेतली नाही. त्यातलाच बराचसा मजकूर लिस्बनच्या करारात घातला आणि या खेपेला दोन्हीकडे संसदेत मंजूर करून घेतला.

निर्णयांचं गणित मुद्दाम जरा अवघड ठेवा. पुष्कळ बाबतींत १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या एका बाजूला आली की भागतं. परराष्ट्र धोरण, कर, नवा सदस्य असे नाजूक विषय मात्र एकमतावर सोडा, म्हणजे एकाच्या हट्टानं बाकीचे सव्वीस ताटकळतील. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करायला हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा विरोध होता. जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी त्यांना जरा बाहेर जाऊन यायचं सुचवलं. ओर्बान बाहेर गेले, आत एकमत झालं. तेव्हा सभागृहाबाहेर कॉफीची सोय चांगली ठेवा.

नियम मोडणाऱ्या सदस्याचा मतदानाचा हक्क काढून घ्यायची तरतूदही हवीच. संघाच्या करारात कलम ७ आहे ना. त्यासाठी बाकी सगळ्यांचं एकमत लागतं, म्हणजे बचावाला एक जिवलग दोस्त पुरतो. २०१७ साली पोलंडवर आणि २०१८ साली हंगेरीवर कारवाई सुरू झाली तेव्हा दोघांनी एकमेकांना पाठीशी घातलं.

सगळ्यात मोठी सोय अजून सांगायची आहे, आणि माझ्या मते संघ टिकतो तो हिच्यावर. घरी काही अप्रिय करावं लागलं की ‘ब्रसेल्सनं (म्हणजे संघानं) करायला लावलं’ म्हणायचं. ब्रसेल्सच्या त्या बैठकीत आपलाच मंत्री हात वर करून बसला होता, हे सांगायची गरज नाही. चांगल्या प्रतीच्या काकडीला दहा सेंटिमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरपेक्षा जास्त बाक नसावा, या नियमावर जगभर हसून झालं. पण २००८ साली आयोग तो रद्द करायला निघाला, तेव्हा विरोध केला तो सदस्य देशांनीच. त्यात फ्रान्स, स्पेन, इटली होते.

कुणाला जायचंच असेल तर त्याच कराराच्या कलम ५० खाली दोन वर्षांची मुदत द्या आणि ती वाढवत राहा. ब्रिटननं जून २०१६ मध्ये जायचं ठरवलं, निघायला ३१ जानेवारी २०२० उजाडली. यायचं असेल त्यांना मात्र घाई करू देऊ नका. तुर्कस्तान १९९९ पासून उमेदवार आहे. मॅसेडोनिया २००५ पासून. त्याच्या नावालाच ग्रीसची हरकत होती, म्हणून २०१९ साली त्यानं देशाचं नाव बदलून उत्तर मॅसेडोनिया केलं. अशा उमेदवाराचं तोंडभरून कौतुक करा, आणि मग सांगा की आता भाषेबद्दल आणि इतिहासाबद्दल बल्गेरियाला काही विचारायचं आहे.