अनिस मोनच्या निष्ठेची गोष्ट आकड्यांत टिकत नाही

वेल्सच्या वायव्य टोकाला, मेनाई सामुद्रधुनीच्या पलीकडे अँगलसी नावाचं बेट आहे. वेल्श लोक त्याला अनिस मोन म्हणतात. ब्रिटिश संसदेत या बेटाचा एकच खासदार असतो आणि मतदार आहेत सुमारे 52,000. निवडणूक जवळ आली की या जागेबद्दल एक दावा हमखास फिरायचा: ‘अनिस मोनने 1951 पासून विद्यमान खासदाराला कधी पाडलेलं नाही. तिथली माणसं पक्ष बघत नाहीत, माणूस बघतात.’ जुलै 2024 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या विद्यमान खासदार व्हर्जिनिया क्रॉस्बी तिथे 637 मतांनी हरल्या आणि प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या लिनोस मेदी निवडून आल्या. मग दाव्याला पुढचा भाग जोडला गेला: ‘वेल्श बोलणारं बेट अखेर आपल्या पक्षाकडे परत आलं.’

दोन्ही वाक्यं ऐकायला छान आहेत, आणि दोन्ही दिशाभूल करतात. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, त्यामुळे तिथल्या मराठी घरांतही ‘आमच्या इथे कोण येणार ते ठरलेलंच आहे’ ही चर्चा होते. एका निवडणुकीचा निकाल ज्या जागेवर 229 मतांनी लागला, तिच्याबद्दल असं बोललं जावं हे मला चुकीचं वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘1951 पासून एकही विद्यमान खासदार हरला नाही’

2024 पर्यंत हे अक्षरशः खरं आहे. पण त्या त्र्याहत्तर वर्षांत परीक्षेला बसले किती जण? विद्यमान खासदार पुन्हा उभा राहिला आणि जिंकला, असं 14 वेळा घडलं. त्यातले सात विजय एकट्या क्लेडविन ह्यूज यांचे, 1955 पासून ऑक्टोबर 1974 पर्यंतचे. ते मजूर पक्षाचे, बेटावरच्याच होलिहेड गावचे, पुढे वेल्सचे मंत्री आणि नंतर शेतीमंत्री झाले. उरलेले सात विजय तिघांत वाटलेले आहेत: कॉन्झर्व्हेटिव्ह कीथ बेस्ट एकदा, प्लाइडचे येयन विन जोन्स दोनदा, मजूर पक्षाचे अल्बर्ट ओवेन चारदा. म्हणजे सगळा ‘इतिहास’ चार माणसांचा आहे, आणि त्यातला निम्मा एकाचा.

आता दुसरी बाजू. खासदार स्वतःहून बाजूला झाला आणि जागा मोकळी झाली, असं चार वेळा घडलं: 1979, 1987, 2001 आणि 2019. चारही वेळा जागा दुसऱ्या पक्षाकडे गेली. मजूर पक्षाकडून कॉन्झर्व्हेटिव्हकडे, तिथून प्लाइडकडे, तिथून परत मजूर पक्षाकडे आणि पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्हकडे. एकाही पक्षाला आपला वारस निवडून आणता आला नाही. या जागेला कुणी कुणाचा बालेकिल्ला म्हणावं, अशी ही नोंद नाही.

त्यात 1987 ची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. ब्रिटिश टेलिकॉमचे शेअर विक्रीला निघाले तेव्हा कीथ बेस्ट यांनी एकाहून अधिक अर्ज केल्याचं उघड झालं आणि ते निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. त्यांच्या जागी आलेला कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार 4,298 मतांनी हरला. दाव्याच्या हिशेबात ही निवडणूक ‘विद्यमान खासदार हरला नाही’ या खात्यात जमा होते, कारण जो लढलाच नाही तो हरणार कसा? पण मतदारांनी त्या पक्षाला जे सांगायचं ते स्पष्ट सांगितलं होतं.

आणि 1951 हेच वर्ष का धरायचं? त्या वर्षी याच बेटाने मेगन लॉईड जॉर्ज यांना पाडलं. माजी पंतप्रधानांची मुलगी, वेल्समधून निवडून आलेली पहिली स्त्री खासदार, 1929 पासून सलग बावीस वर्षं इथली लिबरल प्रतिनिधी. क्लेडविन ह्यूज यांनी 1945 मध्ये त्यांना पहिल्यांदा आव्हान दिलं आणि 1,081 मतांनी हरले. 1950 मध्ये 1,929 मतांनी हरले. तिसऱ्या खेपेला 595 मतांनी जिंकले. 1945 ची लढत सरळ दोघांत होती. 1951 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराने सहा हजारांहून अधिक मतं घेतली. त्याआधी 1918 मध्ये ओवेन थॉमस यांनी 1895 पासूनचे लिबरल खासदार एलिस एलिस-ग्रिफिथ यांना 140 मतांनी घरी पाठवलं होतं. मोजणी पराभवाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू केली की निष्ठेचा आकडा आपोआप मोठा दिसतो.

‘माणूस बघून मत देतात’

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. 2005 मध्ये पीटर रॉजर्स हे बेटावरचे शेतकरी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे वेल्श विधानसभेतले माजी सदस्य अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी 5,216 मतं घेतली. अधिकृत कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराला मिळाली 3,915. पक्षाचं चिन्ह सोडून ओळखीच्या माणसामागे जाणारे लोक तिथे आहेत, यात शंका नाही.

पण मग 1979 कसं समजावणार? क्लेडविन निवृत्त झाल्यावर मजूर पक्षाने एलिस्टन मॉर्गन यांना उभं केलं. अस्सल वेल्श बोलणारे, कार्डिगनचे माजी खासदार, सरकारात काम केलेले. त्यांना 12,283 मतं पडली. त्यांना हरवलं कुणी, तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनमधून आलेल्या कीथ बेस्ट या वकिलाने, 15,100 मतं घेऊन. माणूसच बघायचा असता तर निकाल उलटा लागायला हवा होता.

2019 ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने आधी ख्रिस डेव्हिस यांची निवड केली. हे ब्रेकन आणि रॅडनरशरचे माजी खासदार, खर्चाच्या खोट्या बिलांवरून दोषी ठरलेले आणि तिथल्या मतदारांनी सह्या करून खासदारकीवरून हटवलेले. त्यांच्या नावावरून गदारोळ झाला, त्यांनी माघार घेतली आणि मतदानाला अवघे काही आठवडे उरले असताना बेटाबाहेरच्या व्हर्जिनिया क्रॉस्बी यांचं नाव पुढे आलं. त्या 1,968 मतांनी जिंकल्या. इतक्या थोड्या दिवसांत बेटाने कोणता ‘माणूस बघितला’? लोकांनी पक्ष बघितला, ब्रेक्झिट बघितलं, समोरची फूट बघितली. अल्बर्ट ओवेन निवृत्त झाले होते आणि बेटावरच्याच विल्वा इथल्या नव्या अणुप्रकल्पाचं काम हिताची कंपनीने त्याच वर्षी जानेवारीत थांबवलं होतं.

‘मग सलग जिंकले कसे?’

हा या जागेचा गाभा आहे. लोकसभेच्या निवडणुकीसारखीच इथलीही पद्धत: ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, निम्मी मतं मिळालीच पाहिजेत असं काही नाही. मतविभागणीचं गणित आपल्याला वेगळं शिकवायला नको. अनिस मोनमध्ये 1979 पासून एकाही विजेत्याला निम्मी मतं मिळालेली नाहीत. तीन पक्ष तिथे खरोखर ताकदीचे आहेत. वेल्समध्ये अनेक ठिकाणी मजूर पक्षाचा दगड उभा केला तरी निवडून यायचा, इथे कुणालाच तशी खात्री नव्हती.

अल्बर्ट ओवेन यांचे आकडे बघा. ते बेटावरचे, तरुणपणी व्यापारी जहाजांवर काम केलेले, लोकांत मिसळणारे खासदार. 2001 मध्ये ते 800 मतांनी निवडून आले तेव्हा त्यांचा वाटा 35.0 टक्के होता. 2005 मध्ये 34.6, 2010 मध्ये 33.4, 2015 मध्ये 31.1. 2015 पर्यंत प्रत्येक निवडणुकीत वाटा घसरला आणि प्रत्येक निवडणूक ते जिंकले. 2015 मध्ये त्यांना 10,871 मतं होती, प्लाइडचे जॉन रोलंड्स यांना 10,642. फरक 229. त्या वर्षी युरोपीय संघाबाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या यूकिप पक्षाने 5,121 आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने 7,393 मतं घेतली होती. दहातल्या जवळजवळ सात मतदारांनी ज्यांना मत दिलं नाही, त्यांचा विजय ‘निष्ठा’ म्हणून मिरवला जातो.

येयन विन जोन्स यांचंही तेच. 1987 मध्ये 43.2 टक्के, 1992 मध्ये 37.1. मताधिक्य 4,298 वरून 1,106 वर आलं. मजूर पक्षाच्या उमेदवाराने दहा हजारांवर मतं घेतली नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या रात्री अनेकांच्या मनात आला असणार.

‘वेल्श बोलणारं बेट, म्हणजे प्लाइडचंच’

2021 च्या जनगणनेत बेटावरच्या 55.8 टक्के लोकांना वेल्श येत होती. तरी याच बेटाने 1979 आणि 1983 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार निवडला, आणि 2017 व 2019 मध्ये प्लाइड तिसऱ्या क्रमांकावर होता. 2017 ला तर स्वतः येयन विन जोन्स उभे होते. भाषा आणि मत यांचं नातं इतकं सरळ असतं तर 1997 मध्ये वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का, या प्रश्नावर इथे फक्त 50.9 टक्के लोकांनी हो म्हटलं नसतं. 2016 मध्ये युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूनेही इथे 50.9 टक्केच मतं पडली. मोठ्या प्रश्नांवर हे बेट मधोमध दुभंगतं.

‘परत आलं’ म्हणायचं तर प्लाइडची मतं वाढलेली दिसायला हवीत. 2001 मध्ये प्लाइड 11,106 मतं घेऊन हरला. 2005 मध्ये 11,036 घेऊन हरला. 2015 मध्ये 10,642 घेऊन हरला. 2019 मध्ये 10,418 घेऊन तिसरा आला. आणि 2024 मध्ये 10,590 मतं घेऊन जिंकला! नऊ वर्षांपूर्वी हरताना जितकी मतं होती त्याहून बावन्न कमी. मतदान कमी झाल्यामुळे टक्केवारी 2019 च्या 28.5 वरून 32.5 वर गेली हे खरं, आणि 2017 पासून 2024 पर्यंत बेटाच्या कौन्सिलच्या नेत्या असलेल्या लिनोस मेदी यांचं काम नाकारण्याचं काहीच कारण नाही. पण प्लाइड जिथे होता तिथेच राहिला, बाकीचे खाली आले. क्रॉस्बी यांची 3,006 मतं कमी झाली, रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाने 3,223 घेतली. देशभर प्रचंड विजय मिळवणारा मजूर पक्ष इथे 10,991 वरून 7,619 वर आला.

या शेवटच्या आकड्याने आणखी एक समजूत मोडते, की ही जागा देशाच्या वाऱ्याबरोबर जाते. 1951 मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान ॲटली यांचं सरकार गेलं त्याच दिवशी इथे मजूर पक्ष जिंकला. 1987 आणि 1997, दोन्ही वेळा देशात मोठा विजय वेगवेगळ्या पक्षांचा, इथे प्लाइडचा.

सीमा बदलल्यामुळे 2024 चा निकाल असा लागला, असंही कुणी म्हणतं. वेल्सच्या जागा 40 वरून 32 झाल्या, पण 2020 च्या कायद्याने अनिस मोनला संरक्षण दिलं होतं. मतदारसंघ तोच, अख्खं बेट. म्हणूनच इथले जुने-नवे आकडे शेजारी ठेवून तपासता येतात.

खासदाराची स्वतःची मतं किती, हे तपासायला एक साधी कसोटी आहे: त्याचा पक्ष सगळ्या वेल्समध्ये किती घसरला आणि तो स्वतः किती घसरला. 2010 मध्ये मजूर पक्ष वेल्समध्ये साडेसहा टक्क्यांच्या आसपास घसरला, ओवेन फक्त 1.2 टक्क्यांनी. ही त्यांची स्वतःची कमाई. पण 2015 मध्ये पक्ष वेल्समध्ये किंचित वाढला आणि ओवेन 2.3 टक्क्यांनी घसरले. 2017 मध्ये ते 41.9 टक्क्यांवर गेले, पण पक्ष वेल्सभर बारा टक्क्यांनी वाढला होता.

हीच कसोटी क्रॉस्बी यांना लावून बघा. 2024 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची मतं वेल्समध्ये 36.1 टक्क्यांवरून 18.2 वर आली आणि तिथली एकही जागा त्यांच्याकडे राहिली नाही. अणुप्रकल्पासाठी पाच वर्षं सतत बोलत राहिलेल्या क्रॉस्बी मात्र 35.5 वरून 30.5 वर आल्या. पक्ष जवळपास अठरा टक्के पडला, त्या पाच. माणूस बघून दिलेली मतं मोजायची तर 2015 च्या ओवेन यांच्यापेक्षा ती यांच्या पदरात कितीतरी जास्त होती. ओवेन तेव्हा 31.1 टक्क्यांवर निवडून आले, क्रॉस्बी 30.5 टक्क्यांवर हरल्या.