गोठा एक, गोष्टी दोन

"टीचर, हेरोद राजा बाळाला मारायला माणसं पाठवणार होता ना? मग योसेफ आणि मरिया त्याला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात कसे गेले? राजा तर तिथेच होता!"

धर्मशिक्षणाच्या वर्गात, नाताळच्या नाटकाची तालीम चालू असताना, सातवीतल्या एका मुलीने मला हे विचारलं. मी तिला "आधी तालीम संपवू" म्हणून गप्प बसवलं. त्या रात्री घरी मत्तय आणि लूक, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी (शुभवर्तमानांपैकी) दोन, शेजारी-शेजारी उघडून बसले. तिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. इतकी वर्षं नाताळ साजरा करूनही मी ही दोन शुभवर्तमानं अशी समोरासमोर ठेवून कधी वाचली नव्हती.

पुढे वर्गातल्या एका वडीलधाऱ्यांकडे विषय काढला, तर ते म्हणाले, "मुलांच्या डोक्यात असलं काही घालू नका." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. म्हणून हे लिहितेय.

मत्तय काय सांगतो ते आधी बघा. त्याच्या गोष्टीत गोठा नाही, गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत, नावनिशी म्हणजे शिरगणती नाही. नासरेथहून बेथलेहेमचा प्रवासही नाही. योसेफ आणि मरिया मुळातच बेथलेहेमचे असावेत असं वाटतं, कारण मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, ताऱ्यामागून येतात ते एका घरात. ते किती जण होते हे मत्तय सांगत नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही तीन दानं, म्हणून माणसंही तीन, हा हिशोब मागाहून झाला. देवदूत येतो तो योसेफाकडे, स्वप्नात. मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत मरिया एक शब्दही बोलत नाही. मग हेरोदाने घडवलेली बाळांची कत्तल, रात्रीतून मिसरला (इजिप्तला) पळ, आणि हेरोद मेल्यावर परत येताना त्याचा मुलगा अर्खेलाव यहूदियात राज्य करतोय या भीतीने गालीलातल्या नासरेथला वस्ती. नासरेथ गोष्टीत येतं ते असं, अगदी शेवटी, नवं गाव म्हणून.

आता लूक. इथे कुटुंब नासरेथचंच. गब्रीएल येतो तो मरियेकडे, आणि ती बोलते, प्रश्न विचारते, आपल्या नात्यातल्या अलीशिबेच्या घरी जाऊन गाते. सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढणाऱ्या आणि भुकेल्यांना पोटभर देणाऱ्या देवाचं ते गाणं आहे. मग रोमचा सम्राट कैसर औगुस्ताचा नावनिशीचा हुकूम, बेथलेहेमचा प्रवास, गव्हाण, रानातले मेंढपाळ. आठव्या दिवशी सुंता, आणि शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर बाळाला उघडपणे मंदिरात नेलं जातं. तिथे म्हातारा शिमोन आणि हन्ना भेटतात. सगळं नियमशास्त्राप्रमाणे आटोपून ते गालीलात, "आपल्या गावी" नासरेथला परततात. तारा नाही, मागी नाहीत, कत्तल नाही. मिसरचं नावही नाही.

मंदिरातला तो प्रसंग मला फार हलवतो. बाळंतिणीने कोकरू अर्पण करावं, ऐपत नसेल तर होल्यांची जोडी किंवा कबुतराची दोन पिल्लं, असा बायबलातल्या लेवीय या पुस्तकात नियम आहे. लूक फक्त पक्ष्यांचा उल्लेख करतो, म्हणजे ही गरिबाची दक्षिणा. मत्तयाच्या मागींचं सोनं या घरात आधीच आलं असतं, तर कोकरू परवडलं नसतं का? दोन्ही गोष्टी एकाच सुतळीत ओवायला गेलं की अशी गाठ बसते.

काळाचीही गाठ आहे. दोघेही हेरोदाचा काळ सांगतात. हेरोद वारला इसवी सनापूर्वी 4 च्या सुमारास. लूक म्हणतो ती नावनिशी क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असतानाची, आणि इतिहासकार योसीफसच्या हिशोबाने ती येते इसवी सन 6 मध्ये. मध्ये जवळजवळ दहा वर्षं. क्विरीनिय आधीही एकदा सुभेदार असावा वगैरे खुलासे मी वाचलेत. मला ते ओढूनताणून वाटतात. वंशावळींचंही तसंच. मत्तयात योसेफाचा बाप याकोब, लूकमध्ये एली. एक वंशावळ दावीद राजाचा मुलगा शलमोन याच्याकडून येते, दुसरी त्याचा दुसरा मुलगा नाथान याच्याकडून.

आणि बाकीचे दोघे? मार्कमध्ये जन्मकथाच नाही, येशू थेट यार्देनेवर बाप्तिस्म्याला येतो. योहान तर विश्वाच्या प्रारंभापासून, शब्दापासून सुरुवात करतो. या सगळ्यांच्या आधी लिहिणारा पौल गलतीकरांस पत्रात एवढंच म्हणतो की तो स्त्रीपासून जन्मला.

मग गोठ्यातले बैल आणि गाढव? ते चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाहीत. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या एका ओळीचा आधार घेऊन ते नंतर गोठ्यात आले.

फरक का पडला, हे मला दोघांच्या डोळ्यांनी वाचल्यावर कळलं. मत्तयाच्या मनात इब्री लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवणारा मोशे आहे. फारोने इब्री मुलगे मारायला लावले, इथे हेरोद मारतो. उत्पत्तीतला योसेफ स्वप्नं बघणारा आणि मिसरला गेलेला, इथलाही तसाच. लूकच्या डोळ्यांसमोर रोम आहे. इसवी सनापूर्वी 9 च्या सुमाराचा, आशिया मायनरमधल्या प्रियेने इथे सापडलेला एक शिलालेख औगुस्ताला तारणारा म्हणतो आणि त्याचा जन्मदिवस जगासाठी शुभवार्तांचा आरंभ मानतो. लूकचा देवदूत तेच शब्द उचलतो आणि मेंढपाळांना सांगतो की तारणारा जन्मला आहे, आणि त्याची खूण म्हणजे गव्हाणीत निजलेलं बाळ. हे वाचताना मी हातातलं पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

चारही एकत्र करून एकच सलग गोष्ट करायचा प्रयत्न पूर्वीच झालाय. दुसऱ्या शतकात, 170 च्या आसपास, तातियानने तसं पुस्तक रचलं. सिरियाक भाषेच्या मंडळ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने आपल्या प्रांतातल्या त्याच्या दोनशेहून जास्त प्रती गोळा करून बाजूला ठेवल्या आणि त्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमानं दिली. म्हणजे गुळगुळीत एक गोष्ट हाताशी असतानाही चर्चने चार आवाज निवडले, विसंगतींसकट. त्या लोकांना हे फरक दिसत नव्हते असं मला वाटत नाही.

म्हणून "हे झाका" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आणि "बघा, जुळत नाही, म्हणजे सगळं खोटं" म्हणणाऱ्यांशीही आहे, कारण त्यांनीही दोघांपैकी एकाचंही नीट ऐकलेलं नसतं. गोष्टी मिसळल्या की मत्तयाची ती रात्रीची पळापळ, रामा गावात आपल्या लेकरांसाठी रडणारी राहेल, पोरं गमावलेल्या आया, हे सगळं मेंढपाळांच्या गाण्याखाली दबून जातं. नाटकात हेरोदाचा प्रवेश आम्ही कित्येक वर्षं वेळ पुरत नाही म्हणून गाळत होतो!

यंदा नाटक दोन भागांत बसवतोय. आधी लूक, मग मध्ये दिवे मालवून थोडी शांतता, मग मत्तय. दुसऱ्या भागात गोठा हलवून घराचा एक दरवाजा उभा करायचा. मागी व्हायला सात मुलं तयार आहेत. मत्तयाने आकडा दिलेला नाही, तेव्हा सातही जण येणार. आणि ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता, ती आता दहावीत आहे. राहेलच्या ओळी तिने स्वतः मागून घेतल्यात.