मामांची स्ट्रॅटोकास्टर: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

वेंगुर्ल्याच्या घरातील १९७४ सालच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. दोन पिकअप (तारांचे कंपन टिपून त्याचा विद्युत संकेत करणारे भाग) एकत्र वाजताना येणारा तो पोकळ, घंटेसारखा नाद निर्मात्यांनी योजलेला होता हे माझे विधान चुकीचे आहे, आणि ब्रिजच्या (तारा जिथे टेकतात त्या खालच्या आधाराच्या) स्प्रिंगा व स्क्रू बदलून मी वाद्याचे अस्सलपण घालवले, असे आपले म्हणणे आहे.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. १९५४ साली ही गिटार बाजारात आली तेव्हा तिच्या तीन पिकअपांसाठी तीनच जागांचा स्विच होता, म्हणजे एका वेळी एकच पिकअप वाजावा अशी अपेक्षा होती. दोन पिकअप एकत्र वाजावेत म्हणून स्विचचा दांडा दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवण्याची क्लृप्ती वादकांची, आणि कारखान्यातून पाच जागांचा स्विच बसून येऊ लागला तो १९७७ मध्ये. मामांच्या गिटारला तीन जागांचाच स्विच आहे. तो रोज हाताखाली असताना मी असे लिहावे, याचे मलाच नवल वाटते. ते वाक्य दुरुस्त केले आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. मामा बोटीवर नोकरीला होते आणि ते गेल्यावर ही गिटार कित्येक पावसाळे खाऱ्या वाऱ्यात माळ्यावर पडून होती. या रचनेत ब्रिज पुढच्या बाजूच्या सहा स्क्रूंवर बिजागरीसारखा झुलतो. तारा त्याला एका बाजूने ओढतात, पाठीमागच्या पोकळीतील स्प्रिंगा दुसऱ्या बाजूने, आणि या दोन ताणांच्या समतोलावरच सूर टिकतो. गंजलेली स्प्रिंग ऐन वेळी तुटली, की सहाही तारा एकदम उतरतात. या गिटारचे जनक लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी गिटारची मानसुद्धा सरसाने न चिकटवता स्क्रूंनी बसवली, ती काढता-बदलता यावी म्हणूनच. अशा वाद्याच्या स्प्रिंगा बदलणे हा त्याचा अवमान कसा ठरतो, हे मला समजत नाही.

संग्राहकाच्या लेखी तिची किंमत थोडी उतरेल, हे खरे. पण गिटार विकायची नाही. काढलेले भाग तेलाचा हात लावून केसमध्येच जपून ठेवले आहेत. पिकअप, स्विच आणि रंग यांना मी हात लावलेला नाही. सॅडलही (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती छोटी बैठक) मूळचीच आहेत: त्या काळातील ती ओतीव जस्तमिश्र धातूची असल्याने नुसती काळवंडली, गंजले ते त्यांतले बारीक पोलादी स्क्रू.