स्ट्रीमर १०० वरच ठेवा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

जळगाव-धुळ्याकडच्या ऑडिओवाल्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय, की स्ट्रीमरचा (इंटरनेटवरची गाणी अँपला देणाऱ्या डब्याचा) व्हॉल्यूम कायम १०० वर ठेवा, डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की बिट उडतात, गाण्यातला जीव जातो, म्हणून वेगळा प्रीअँप (स्ट्रीमर आणि स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अँपच्या मधे बसणारा, व्हॉल्यूमचा नॉबवाला डबा) घ्याच. हे वाचून पोरं हप्त्यावर प्रीअँप घ्यायला निघालीत म्हणून लिहितोय.

बिट उडतात म्हणे. अरे भाऊ, बिट म्हणजे डिजिटल गाण्यातल्या आकड्याचं एक घर, एक बिट म्हणजे साधारण ६ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप), सीडी क्वालिटीचं गाणं १६ बिटचं, आणि आजचा बरा स्ट्रीमर व्हॉल्यूमचं गणित २४ नाहीतर ३२ बिटमध्ये करतो. २४ धरलं तरी खाली ८ बिट मोकळे, म्हणजे ४८ डीबी कमी केलं तरी गाण्यातली माहिती शाबूत, आणि एवढं कमी कोण ऐकतं, आपल्याकडे मे महिन्यात तर कूलरच त्याच्या वर ऐकू येईल. आणि स्पॉटिफायचं नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्या आवाजात आणणं) मुळातच चालू असतं, तेही डिजिटल व्हॉल्यूमच कमी करतं, त्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही.

खरी गोष्ट वेगळी आहे. स्ट्रीमरच्या आउटपुटची स्वतःची जी बारीक सूं असते ती व्हॉल्यूम कमी केला तरी तेवढीच राहते, गाणं मात्र खाली येतं. पण ती असते किती? २ व्होल्ट आउटपुट आणि ११५ डीबी एसएनआर (गाणं सूंपेक्षा किती वर ते) धरा, सूं येते साडेतीन मायक्रोव्होल्टच्या आसपास, २७ डीबी गेनच्या (सिग्नल तेवढा वाढवणाऱ्या) पॉवर अँपमधून स्पीकरवर पोचते ८० मायक्रोव्होल्ट. ८७ डीबी सेन्सिटिव्हिटीच्या साध्या बुकशेल्फ स्पीकरवर ती एक मीटरवरूनसुद्धा ऐकू येणार नाही.

प्रीअँपने आवाज शुद्ध होतो हे तर मला अजिबातच पटत नाही. स्वस्तातल्या प्रीअँपचा पॉट (नॉबमागचा व्हॉल्यूमचा भाग) अगदी कमी आवाजावर डावं-उजवं सारखं देत नाही, आणि आपल्याकडची धूळ आत गेली की फिरवताना खरखर सुरू.

१०० वर ठेवणं उलट वाईट पडू शकतं, जोरात मास्टर केलेल्या (आवाज चढवून तयार केलेल्या) गाण्यात दोन सॅम्पलच्या मधलं शिखर मर्यादेच्या वर जातं आणि डॅकच्या (डिजिटलचा सिग्नल बनवणाऱ्या चिपच्या) फिल्टरमध्ये क्लिप होतं, म्हणजे वरून कापलं जातं, तिथे ३-४ डीबी कमी ठेवलं तर फायदाच. आणि थेट पॉवर अँपला जोडलेला स्ट्रीमर लाईट जाऊन आल्यावर १०० वरच सुरू झाला तर ट्विटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग) गेलाच समजा.

मेसेजमधलं खरं तेवढं सांगतो. १६ बिटमध्येच कापाकापी करणारं जुनं सॉफ्टवेअर असेल तर नुकसान होतं. अँपचा गेन इतका जास्त असेल की व्हॉल्यूम १०-१५ च्या वर नेताच येत नाही, तर आरसीए वायरमध्ये १०-२० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा छोटा जोड) लावा, प्रीअँपपेक्षा खूप स्वस्त पडतो. घरात नॉबवाला इंटिग्रेटेड अँप (प्रीअँप आणि पॉवर अँप एकाच डब्यात) असेल तर स्ट्रीमर फिक्स्ड (आउटपुट एकाच पातळीवर) ठेवून नॉब फिरवा, तिथे प्रश्नच नाही. टर्नटेबल, टेप, टीव्ही सगळं एकाच पॉवर अँपवर जोडायचं असेल तर मात्र प्रीअँप खुशाल घ्या.

घेताना दुकानदाराला चालू करून दाखवायला लावा: फिक्स्ड-व्हेरिएबल दोन्ही आउटपुट आहेत का, कमाल व्हॉल्यूमची मर्यादा लावता येते का (वीम प्रो आणि ब्लूसाउंड नोडमध्ये येते), पायऱ्या बारीक आहेत का, आणि समोर प्लग काढून परत लावायला सांगा, व्हॉल्यूम किती वर उठतो ते बघा. आईवडील ऐकणार असतील तर रिमोट किंवा नॉब असलेलाच घ्या, दर गाण्याला मोबाईल उघडायला त्यांना जमत नाही.